हनुवटीचा दोरा

८ जानेवारी

आई,

तीर्थरूप वगैरे पुढच्या पत्रात. आज राग आहे, आणि रागात वाकून नमस्कार केला की पाठीत उसण भरते.

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "कामात आहे" म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. कागदाला मधेच तोडता येत नाही. फाडायचं तर फाड, पण मग निदान हातात घेतलंस एवढं तरी होईल.

परवा माझ्या घरातून तू पिशवी उचलून अशी तरातरा निघालीस की चपला जिन्यात घातल्यास. जाताना म्हणालीस, "सासरी माझं नाक कापलंस." मी काय कापलं ते तू पूर्ण ऐकूनच घेतलं नाहीस. आता ऐक.

त्या दिवशी दवाखान्यात आपण तिघी होतो, तू, मी आणि सासूबाई. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "पाळी नियमित येते?" मी तोंड उघडायच्या आत तू उत्तर दिलंस, "अगदी वेळेवर. घड्याळ लावून घ्यावं." वेळेवर येणारच ना! तीन महिने आधीपासून तूच मला त्या जुन्या गोळ्या चालू करायला लावल्या होत्यास. सोळाव्या वर्षी आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या, त्याच. "मोठ्या दवाखान्यात जायच्या आधी सगळं नीट दिसू दे." अगं, लोक पाहुणे यायच्या आधी घर आवरतात. तू डॉक्टरकडे जायच्या आधी माझी पाळी आवरलीस! नर्सने विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, तर म्हणालीस, "छे, साधी डोकेदुखीचीसुद्धा घेत नाही ती." आणि पाकीट माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं. मीही मूग गिळून बसले, कारण तुझा चिमटा माझ्या दंडावर होता.

मग रक्त घेतलं. एएमएच म्हणून एक तपासणी असते. अंडाशयात बारीक बारीक पिशव्या किती आहेत, अंडी वाढवायची इंजेक्शनं दिल्यावर त्यातल्या किती उठून बसतील, याचा त्यावरून अंदाज येतो. माझा आकडा चारच्या आसपास आला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर इंजेक्शनांचा डोस ठरवला. तुझा चेहरा उजळला. मी मात्र पर्सची चेन घट्ट लावून घेतली.

मंगळवारी गाडी शिकवायच्या दोन तासांच्या मधे मी एकटी परत गेले. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दवाखान्याच्या दारात लावली आणि सगळं सांगून टाकलं. पाळी चार-चार महिने येत नाही, हनुवटीला केस आहेत, सोळाव्या वर्षीच पीसीओएस निघालंय, आणि हे बघा पाकीट. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, मूल होऊ नये म्हणून बायका घेतात त्याच या गोळ्या. त्या पोटात घेऊन तुम्ही माझ्याकडे मूल मागायला आलात?"

मी आधी हसले. मग इतकी रडले की नर्सने पंखा वाढवला.

त्यांनी समजावून सांगितलं. या गोळ्यांनी अंडाशय झोपल्यासारखं होतं, पिशव्या आक्रसतात, आकडा खाली येतो. त्या खोट्या आकड्यावर पूर्ण डोस दिला असता, तर माझ्यासारखीच्या पिशव्या एकदम सगळ्याच उठल्या असत्या. अंडाशयं सुजतात, पोटात पाणी भरतं, श्वास लागतो, कधी कधी जिवावर बेततं. आई, तुझ्या त्या "घड्याळ लावून घ्यावं"पायी मी दवाखान्यात नळ्या लावून पडले असते, आणि तू बाहेर बसून म्हणाली असतीस, "अचानक कसं गं झालं?"

म्हणून परवा घरी सांगितलं. तुझ्यासमोर, नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर. चोरून तुझ्या माघारी सांगितलं असतं तर तुला चाललं असतं का? नवरा भांबावला, पण माझ्याजवळ येऊन बसला. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या घालत राहिल्या. तू तेवढी उठलीस.

उठलीस तर उठलीस. मी माफी मागणार नाही.

तुझी,
तोंडाळ

१० मार्च

आई,

मावशीकडून तुझा निरोप मिळाला. मावशी बिचारी निरोप देताना अशी खाकरत होती की मला तिचीच दया आली. निरोप असा, की मी सासूबाईंना सांगावं, हे दुखणं लग्नानंतर लागलं. आधी काही नव्हतं, मी घाबरून काहीबाही बोलून गेले. एवढं बोलले की तू घरी येशील. नाहीतर तुझं दार मला बंद.

नाही सांगणार.

तू चिडशील माहीत आहे. तुझी ती नस उडायला लागेल, डोळ्याशेजारची. पण तूच विचार कर, मी कुठल्या तोंडाने सांगू? नववीपासून दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकीचा पडदा ओढून तू माझ्या हनुवटीला दोरा करायचीस, केस काढायला. एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत. मी "आई गं" केलं की तू म्हणायचीस, "हळू. बाहेर ऐकू जाईल." दुखणं लग्नानंतर लागलं म्हणे! मग तेव्हा आपण दार लावून काय करत होतो, भाजी निवडत होतो?

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तू रफू करायचीस तेव्हा मी तासन् तास बघत बसायचे. सिगरेटने पडलेलं भोक तू असं भरतेस की कोटाच्या मालकालाही सापडत नाही. "ज्याचं कळलं, ते रफू कसलं?" असं गिऱ्हाइकाला ऐकवतेस आणि मान ताठ करतेस. मला तुझा अभिमानच वाटायचा, अजून वाटतो. पण मी कोट नाही गं. मला आतून दुखतं.

बरं, बातमी. गोळ्या बंद करून दोन महिने झाले, रक्त पुन्हा तपासलं. आकडा सातच्या वर गेला. नवऱ्याने कागद हातात घेतला आणि ओरडला, "चारावरून सात! काय प्रगती आहे!" लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला काय, वर गेलं की बरं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मार्क नाहीत, साहेब. पीसीओएसमध्ये हा आकडा वरच असतो. पिशव्या पुष्कळ, पण एकही धड पिकत नाही. गर्दी आहे, गर्दी." सोनोग्राफीत मलाही दाखवलं. काळ्या पडद्यावर कडेकडेने बारीक मणी दाटीवाटीने बसलेले. इतकी वर्षं ज्याचं नावही आपण घरात काढलं नाही, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. घाण वगैरे काही नव्हतं. मणीच होते.

आणखी एक. त्यांनी विचारलं, "आईला असं काही होतं का?" तू त्या दिवशी त्यांना ठणकावून "नाही" म्हणाली होतीस. मी म्हटलं, "मला माहीत नाही." खोटं नाही बोलले. मला खरंच माहीत नाही, कारण तू मला कधी सांगितलंच नाहीस.

तोंडाळ

६ एप्रिल

आई,

इंजेक्शनं सुरू झाली. रोज संध्याकाळी पोटाला, बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून, मीच टोचून घेते. पहिल्या दिवशी नवरा सुई हातात घेऊन माहितीचा कागद तिसऱ्यांदा वाचत बसला, म्हटलं, "दे इकडे, तुझ्याने लिफ्टच होतील." डोस लहान आहे, मुद्दाम. दर दोन-तीन दिवसांनी रक्त आणि सोनोग्राफी. पिशव्या वाढताना रक्तात एक हार्मोन चढतं, ते किती झपाट्याने चढतंय यावर डॉक्टरीणबाईंचा डोळा असतो. म्हणतात, "तुमचं अंडाशय फार उत्साही आहे, त्याला लगाम पाहिजे."

मला ते लगेच कळलं. माझ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली तीन पेडल असतात आणि माझ्या पायाखाली एक जादाचा ब्रेक. गाडी तो चालवतो, पण पाय माझा कायम ब्रेकवर. सध्या माझ्याकडे दातांची एक डॉक्टर शिकायला येते. लोकांच्या जबड्यात ड्रिल घालताना हात हलत नाही म्हणे, पण सिग्नल दिसला की ॲक्सिलरेटर दाबते! काल तिने असा झटका दिला की पट्टा माझ्या सुजलेल्या पोटात रुतला आणि मी भर रस्त्यात तिला शिव्या घातल्या. मग सांगितलं, का ओरडले ते. सरळ सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "मलाही आहे, पीसीओएस. मी कुणाला सांगितलं नव्हतं." आम्ही दोघी धोक्याचे दिवे लावून तिथेच बसलो, मागून लोक हॉर्न मारत होते. मारोत.

हे तुला का लिहितेय? कारण तू मावशीला म्हणालीस म्हणे, "आता ती गावभर दवंडी पिटत फिरेल." हो, पिटतेय.

पुढच्या आठवड्यात अंडी काढतील. बेशुद्ध करतात, फार वेळ लागत नाही. बाहेर घरचं कुणीतरी बसावं लागतं. नवऱ्याला सुट्टी मिळाली आहे, प्रश्न तो नाही. मला तू हवी आहेस. बघ, लिहून टाकलं. भांडण भांडणाच्या जागी. शुद्धीवर येताना माणूस आईचंच नाव घेतो, आणि मी हाक मारली आणि तू नसलीस तर मला राग येईल, आणि बेशुद्धीत आलेला राग मला आवरता येणार नाही.

तारीख मावशीला कळवते.

तोंडाळ

१४ एप्रिल

आई,

आज थोडंच लिहिते, बसवत नाही. लहान डोस देऊनसुद्धा पिशव्या विसाच्या वर गेल्या. पोट टम्म फुगलंय, गाडीच्या पट्ट्याला एक भोक पुढे घ्यावं लागेल असं नवरा म्हणाला, मग गाडीच्या पट्ट्याला भोकं नसतात हे आठवून स्वतःच हसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंडी परवा काढू, गर्भ तयार करू, पण या महिन्यात पोटात सोडायचे नाहीत. गोठवून ठेवायचे. आत्ता गर्भ राहिला तर सूज आणखी वाढेल, धोका आहे. शरीर ताळ्यावर आलं की बघू. मग मला विचारलं, "चालेल?" बघ आई, मला विचारलं! मी म्हटलं, "ब्रेक मारा."

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने मनातल्या मनात महिने मोजले होते. मी म्हटलं, "तुझं मूल थांबेल, पण मी बिघडले तर तुझ्याने दुरुस्त होणार नाही." तो म्हणाला, "मी कुठे काय बोललो?" खरंच काही बोलला नव्हता, पण मी आधीच भांडून घेतलं.

मावशीला हे कळवलं, आणि दुपारी तुझा निरोप आला. "सगळ्यांना सांगून बसलीस, आणि आता हा महिनाही फुकट." आई, त्या दिवशी मी सांगितलं नसतं तर पूर्ण डोस गेला असता. लहान डोसावर ही गत, मग पुरत्या डोसावर काय झालं असतं? फुकट काय गेलं? मी जिवंत आहे, हे फुकट?

परवा सकाळी येणार असलीस तर ये. नाही आलीस तर नको येऊस. पण पुन्हा मावशीकडून निरोप नको. तिला बीपी आहे.

२१ एप्रिल

आई,

तू आली नाहीस.

शुद्धीवर येताना मी हाक मारली, असं नर्स म्हणाली. "आई" अशी. आणि बाहेरून सासूबाई आत आल्या. त्यांनाच बोलावतेय असं नर्सला वाटलं. त्यांनी तिची चूक सुधारली नाही. खुर्ची ओढली, माझा हात हातात घेतला आणि बसून राहिल्या. टेलिफोन खात्यात तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई, ऐकते फार आणि बोलते कमी, तुला माहीतच आहे.

अंडी एकोणीस निघाली. गर्भ सात झाले, गोठवून ठेवलेत. सात आकडा माझ्या मागेच लागलाय. पोट अजून जड आहे, पण पाणी भरलं नाही, श्वास नीट आहे, आणि मी तक्रार करायला पूर्ण शुद्धीत आहे.

आता जे लिहिते ते उभ्याने वाचू नकोस, बस.

परवा दुपारी मी पलंगावर होते आणि सासूबाई माझ्या पायाशी बसून वाटाणे सोलत होत्या. आठवडाभर दोरा नाही, आरसा नाही, तर हनुवटी चांगलीच दिसत होती. मी ती चादरीत लपवायला गेले. सवय, दुसरं काय. तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं. पहिल्या दिवशीच पाहिली आहे."

मी म्हटलं, "कुठल्या पहिल्या दिवशी?"

"आम्ही तुझ्या घरी आलो होतो, लग्न ठरवायला. तुझ्या आईने तुला खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं. तू उठलीस आणि खिडकीजवळ जाऊन बसलीस. हनुवटीवर दोऱ्याची लाली होती, ताजी. सकाळीच केलेला दिसत होता. आमच्या ऑफिसात निम्म्या बायकांच्या पर्समध्ये दोरा असायचा. मला काय कळत नाही?"

ऐकलंस? रफूवरूनच कळलं त्यांना. केस राहिले असते तर कदाचित लक्षही गेलं नसतं.

पुढे म्हणाल्या, "आणि तुझ्या आईने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, मुलगी तोंडाळ आहे, सांभाळून घ्या. मी मनात म्हटलं, ही एवढं सांगून टाकतेय, म्हणजे बाकीचं मोठं असणार."

तुला वाटलं असेल मी त्यांच्या गळ्यात पडले. मुळीच नाही. मी भडकले! म्हटलं, "सहा वर्षं! सहा वर्षं तुम्ही गप्प राहिलात, आणि मी कोपऱ्याकोपऱ्यात लपत फिरले? न्हाणीघरात नळ सोडून दोरा करत होते मी! दवाखान्यात आईने एवढी थाप मारली, तेव्हा तरी तोंड उघडायचं!" त्या वाटाणे सोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, "गोळ्यांचं मला ठाऊक नव्हतं, शपथ. बाकी म्हणशील, तर तुझी आई एवढं जिवापाड जपत होती, तिचं मी कशाला मोडू असं वाटलं. ते चुकलंच." मग पुढची शेंग उचलून म्हणाल्या, "आणि माझ्या मुलाला तिशीत टक्कल पडणार, हे मी तरी तुझ्या आईला कुठे सांगितलं होतं? त्याच्या बापाचा फोटो मी मुद्दाम टोपीतला दाखवला."

मी हसले आणि पोटात अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा हसण्याचं कुठलं आणि दुखण्याचं कुठलं ते विचारू नकोस.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. मी लहान होते, सहा-सात वर्षांची. मी मोरीचं दार ढकललं आणि आत तू आरशासमोर उभी होतीस, दोऱ्याचं टोक दातात. माझ्यावर अशी खेकसलीस की मी पळाले. मी समजत होते, मोठ्या बायका दात तसेच साफ करतात. आणि तुला मी लग्नानंतर नऊ वर्षांनी झाले. त्या नऊ वर्षांबद्दल तू फक्त एवढंच म्हणतेस, "ऐकून घ्यावं लागलं." काय ऐकलंस, कुणी ऐकवलं, कधी सांगितलं नाहीस. आजीने? बाबांनी? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईला असं काही?" आणि तू एका झटक्यात "नाही" म्हणालीस. त्या "नाही"चा मला आज पहिल्यांदा राग आला नाही. माझा दोरा तू करायचीस. तुझा कोण करायचं गं? एकटीच करायचीस ना, दार लावून?

पण म्हणून मी शब्द मागे घेणार नाही हं. दुखणं लग्नानंतर लागलं असं मी कुणालाही सांगणार नाही, तुलाही नाही. सातांपैकी एक रुजेल, किंवा एकही रुजणार नाही. मूल झालं तरी सांगेन, नाही झालं तरी सांगेन. आणि मुलगी झाली आणि तिच्या हनुवटीवर एक केस जरी आला, तरी तिला त्याचं नाव पहिल्या दिवशी सांगेन.

रविवारी मी घरी आहे, गाडी अजून चालवायची नाही. नवरा तुला घ्यायला येईल. तू नाही म्हणालीस तर तो खाली उभा राहील, त्याला मी बजावून ठेवलंय, तो उभा राहण्यात पटाईत आहे. वाटाण्यांची उसळ सासूबाई करणार आहेत. तुझ्याशी काय बोलायचं याची त्या आतापासून तालीम करताहेत, आणि एकदा तुझ्यासमोर बोलायला लागल्या की माझी धडगत नाही.

दोरा घेऊन ये, तुझा तो पांढरा, चाळीस नंबरचा. माझी हनुवटी फार वाढली आहे, आणि तुझ्यासारखा हात इथे कुणाचा नाही. आधी तू माझी कर, मग मी तुझी करते. शिकवशील मला.

पुढच्या खोलीत बसू, उजेडात. दार उघडं ठेवून.

तुझी,
तोंडाळ